नाताळच्या आठवड्यात रडू आलं तर

आदरणीय ताई,

मी ४१ वर्षांची आहे. जन्मापासून चर्चच्या मंडळीत वाढले, गेली १५ वर्षं कॉयरमध्ये गाते. दीड वर्षापूर्वी आई गेली. मागचा नाताळ कसा गेला ते आठवतही नाही. भेटायला येणारी माणसं, कागदपत्रं, वडिलांची औषधं यातच दिवस संपले. यंदा मात्र डिसेंबर लागला आणि सगळं अंगावर आलं. सरावाला जायचं म्हटलं की पाय जड होतात. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, मग झोप नाही. जेवण जात नाही. मुलं दिव्यांच्या माळा लावत असतात, मी हसून बघते आणि न्हाणीघरात जाऊन रडते. असं होऊन आता तीन आठवडे झाले.

मंडळीतल्या एका ज्येष्ठ बाईंपाशी मन मोकळं केलं. त्या म्हणाल्या, "तारणारा जन्मला याचा आनंद ज्याला होत नाही, त्याने आपला विश्वास तपासून बघावा. सर्वदा आनंद करा असं वचनच आहे." तेव्हापासून दुःखापेक्षा अपराधीपणाच जास्त छळतोय. प्रार्थनेला बसते, पण शब्द येत नाहीत. कधी कधी वाटतं, सकाळी डोळे उघडलेच नाहीत तर बरं. तसं काही करायचा विचार नाही, पण वाटतं खरं.

बहीण म्हणते, डॉक्टरकडे जा. मला वाटतं, देवावर भरवसा असलेल्या माणसाने मनाच्या गोळ्या घेणं म्हणजे हार मानणं. २४ तारखेच्या रात्री एक कडवं मला एकटीला गायला दिलंय. गाऊ की नको?

– एक भगिनी

प्रिय भगिनी,

तुमचा शेवटचा प्रश्न गाण्याचा आहे, पण मी त्याच्या आधीच्या एका ओळीपाशी अडले. सकाळी डोळे उघडलेच नाहीत तर बरं, असं तुम्ही लिहिलंत आणि लगेच पुढच्या वाक्यात सारवासारव केलीत. मला ती ओळ खरी वाटते, म्हणून आधी तिच्याबद्दल. हे वाचून झालं की आजच बहिणीला फोन करा आणि हीच ओळ, याच शब्दांत तिला सांगा. "बरं वाटत नाही" असं मोघम नको. मरणाचा विचार बोलून दाखवला की तो बळावतो अशी एक समजूत आहे. तसं होत नाही. बोललं की निदान त्या विचाराशी एकटीने झगडावं लागत नाही. आणि हा विचार पुढे सरकला, म्हणजे कधी, कसं, कशाने असं मन आखायला लागलं, तर त्या क्षणी एकटं राहायचं नाही. घरातल्या कुणाला तरी उठवायचं, मग पहाटेचे तीन का वाजलेले असेनात, आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं किंवा तुमच्याकडच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा. ती नाताळची रात्र असली तरीही. घरच्यांचा सण बिघडेल म्हणून गप्प बसणं तुम्हाला सवयीचं झालंय असं पत्रावरून दिसतं. ही एक गोष्ट मात्र त्या सवयीच्या हवाली करू नका.

देवावर विश्वास असलेल्या माणसाला असे विचार येतात का, हे तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण पत्रभर तोच प्रश्न आहे. येतात. बायबलमधल्या पहिल्या राजे ग्रंथाचा १९ वा अध्याय उघडा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया जीव मुठीत धरून पळतो, चाकराला मागे ठेवतो, एकटाच रानात दिवसभर चालतो आणि एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. त्यावर देवाने काय केलं ते सावकाश वाचा. आधी त्याला झोपू दिलं. मग देवदूताने त्याला हात लावून उठवलं आणि खायला सांगितलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती, पाण्याचं भांडं होतं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूत पुन्हा आला, पुन्हा म्हणाला, ऊठ, खा, कारण पुढची वाट तुला झेपणारी नाही. विश्वास तपासून बघ, असं एलीयाला कुणी म्हटलं नाही. प्रश्न विचारला गेला तो ४० दिवसांनी, होरेब डोंगरावर, आणि तोही साधाच, की तू इथे काय करतोस. दोनदा विचारला, दोन्ही वेळा त्याचं गाऱ्हाणं पूर्ण ऐकून घेतलं. मग त्याच्या कामाला हाताशी अलीशा हा शिष्य दिला.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. झोप, भाकर, पाणी, परत झोप, मग बोलणं, मग सोबत. उपदेशाचा नंबर यात कुठेच लागत नाही.

आता त्या बाईंच्या वचनाकडे येते. "सर्वदा आनंद करा" हे फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे आणि प्रेषित पौलाने ते तुरुंगातून लिहिलं, इतकं आपल्याला रविवारच्या शाळेतच शिकवतात. पण दोन अध्याय मागे त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती क्वचितच कुणी वाचून दाखवतं. एपफ्रदीत नावाचा त्याचा सोबती मरता मरता वाचला. पौल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे आनंद करा असं लिहिणाऱ्या माणसाच्या पदरी आधीच एक दुःख होतं, दुसरं आलं असतं तर आपण कोलमडलो असतो हे तो उघड लिहितो, आणि ते लपवायची गरज त्याला वाटत नाही. त्या बाईंनी तुम्हाला पत्राची एक ओळ दिली. पत्र तेवढंच नाही.

त्यांच्याबद्दल मनात कडवटपणा धरू नका, पण त्यांच्याकडे पुन्हा मन मोकळं करायलाही जाऊ नका. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस-सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. त्यांच्या हातून घडलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाने त्यांना सांगितलं की तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत. दुःखी माणसाला त्याच्या दुःखाचं कारण त्याच्याच अंगात दाखवून द्यायची घाई आपल्या मंडळ्यांमध्ये फार आहे, आणि मला तिचा खरंच राग येतो. तुमच्यासारख्या कितीतरी जणी त्या घाईपायी गप्प होतात.

तुम्हाला वाटतंय की सगळीकडे आनंद असताना आपलं रडू तेवढं जागा चुकून आलंय. उपासनेची जुनी दिनदर्शिका पाळणाऱ्या मंडळ्यांमध्ये नाताळचा आठवडा कसा असतो, बघा. २५ तारखेला जन्मोत्सव. दुसऱ्याच दिवशी, २६ ला, स्तेफनाचा दिवस, म्हणजे दगडमार करून मारलेल्या पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याचा. आणि २८ ला बेथलेहेमच्या त्या लेकरांचा, ज्यांना हेरोद राजाने मारून टाकलं. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात ही गोष्ट मागी लोकांच्या, म्हणजे पूर्वेकडून बाळाला बघायला आलेल्या ज्ञानी लोकांच्या, भेटीला लागूनच सांगितली आहे. सोनं, ऊद आणि गंधरस यांच्यानंतर लगेच येते ती इस्राएलची आदिमाता राहेल, मुलांसाठी आकांत करणारी आणि सांत्वन नको म्हणणारी. मत्तय तिची समजूत घालत नाही. तिचं रडणं तसंच लिहून पुढे जातो. लूकाच्या दुसऱ्या अध्यायातही बाळाला मंदिरात आणलं तेव्हा म्हातारा शिमोन त्याला हातात घेऊन देवाची स्तुती करतो आणि त्याच दमात मरीयेला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. हे तिला ऐकावं लागलं तेव्हा बाळ जेमतेम चाळीस दिवसांचं होतं. तिथेच हन्ना होती, लग्नानंतर सातच वर्षांनी विधवा झालेली, ८४ वर्षांची. जन्माच्या गोष्टीतून ही माणसं वगळली तर उरतं ते शुभेच्छापत्रावरचं चित्र.

म्हणून नाताळात रडणारी बाई नाताळच्या बाहेर उभी आहे असं मला वाटत नाही. ती त्याच गोष्टीत आहे, फक्त तिची जागा मेंढपाळांच्या बाजूला नसून राहेलीच्या बाजूला आहे. यंदापुरती.

आणि दुसरा नाताळ पहिल्यापेक्षा जड जाणं हेही अगदी नेहमीचं आहे. पहिल्या वर्षी माणूस बधिर असतो, आजूबाजूचे जपतात, कामं संपत नाहीत. दुसऱ्या वर्षी लोकांना वाटतं, सावरली आता. नेमकं तेव्हा बधिरपणा उतरलेला असतो.

आता डॉक्टर. शोक आणि नैराश्य यांच्यात फरक आहे आणि दोन्ही एकाच वेळी असूही शकतात. शोक लाटांसारखा येतो. मध्ये थोडी उसंत मिळते, आईची एखादी आठवण निघाली की रडता रडता हसूही येतं. नैराश्यात ती उसंत नाहीशी होते, सगळ्याच गोष्टींतलं मन उडतं आणि माणूस स्वतःलाच दोषी आणि नालायक ठरवायला लागतो. पहाटे फार लवकर जाग येणं, अन्नावरची वासना जाणं, थकवा, चित्त न लागणं, अपराधीपणा, मरणाचे विचार, यांतली बरीच लक्षणं जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ सलग दोन आठवडे टिकली, तर ते तपासून घ्यावं असं वैद्यकशास्त्र सांगतं. तुमचे तीन झाले. बहिणीचं बरोबर आहे.

आधी नेहमीच्या डॉक्टरकडे गेलात तरी चालेल. थायरॉइडची कमतरता, अंगात रक्त कमी असणं, बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं यांनीही माणूस असाच मलूल होतो, त्यामुळे ते रक्ताच्या तपासण्या सांगतील. नैराश्यच आहे असं ठरलं तर समुपदेशन, औषधं किंवा दोन्ही. गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त, म्हणून आठ दिवसांत फरक नाही असं म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना न विचारता अचानक बंद करू नका, त्याचा त्रास होतो. म्हणजे औषध आज सुरू झालं तरी कदाचित हा नाताळ त्याच्याविनाच काढावा लागेल. तेही आधी माहीत असलेलं बरं. झोप लागावी म्हणून दारूचा आधार मात्र कुणी सुचवला तरी घेऊ नका. तिने झोप मोडते आणि मन आणखी खचतं.

तुम्हाला हे लागू नसेल, पण इतर वाचकांसाठी सांगते. जिथे हिवाळ्यात दिवस फार लहान होतात तिथे काहींना दर वर्षी याच महिन्यांत नैराश्य येतं आणि वसंतात ते ओसरतं. १९८४ मध्ये संशोधकांनी त्याचं नीट वर्णन केलं. त्यावर सकाळच्या प्रखर उजेडाचे उपचारही आहेत. तुमचा असा अनुभव असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

गोळ्या घेणं म्हणजे हार, असं तुम्ही म्हणता. गव्हाणीची गोष्ट, उतारशाळेत जागा न मिळाल्याची, ज्याच्या शुभवर्तमानात आपण दर नाताळला वाचतो, तो लूक परंपरेप्रमाणे वैद्य होता. कलस्सैकरांस पत्रात पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो. देवाने वैद्याच्या हातून दिलेली सुवार्ता आपण डोक्यावर घ्यावी आणि वैद्याच्या हातून आलेलं औषध नाकारावं, हे मला पटत नाही. वडिलांची औषधं तुम्ही वेळेवर देता ना? ती देताना तुम्हाला आपला विश्वास कमी पडल्यासारखं वाटतं का?

माझ्या मनात अशा वेळी धर्मोपदेशक चार्ल्स स्पर्जन यांचं नाव येतं. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये त्यांना ऐकायला हजारो लोक जमत. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या एका सभेत कुणीतरी आग लागल्याची खोटी ओरड केली आणि चेंगराचेंगरीत सात माणसं मेली. ते तेव्हा २२ वर्षांचे होते. त्या रात्रीचा घाव त्यांच्या मनातून पुरता गेला नाही. पुढे आयुष्यभर नैराश्याचे झटके येत राहिले. पुढे धर्मसेवक होऊ पाहणाऱ्या तरुणांना शिकवताना ते यावर उघड बोलले, की असे अंधाराचे दिवस येतात, त्यात नवल वाटून घेऊ नका. उतारवयात थंडीच्या दिवसांत ते आपली एवढी मोठी मंडळी सोडून फ्रान्सच्या दक्षिणेला मेंटनला विश्रांतीसाठी जात. त्यांच्या विश्वासाविषयी तुमच्या मंडळीतल्या कुणाला शंका असेल असं वाटत नाही.

प्रार्थनेला शब्द येत नाहीत, तर आणू नका. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. ८८ वं स्तोत्र तर असं आहे की त्यात शेवटीसुद्धा उजेड पडत नाही, ते अंधारावरच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. रात्री जाग आली की तेच मोठ्याने वाचा. वाचून झालं की प्रार्थना झाली असं समजा. तेवढंही जमलं नाही तर दुसऱ्यांना तुमच्यासाठी करू द्या. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात एका पक्षघाती माणसाला चौघांनी छप्पर उकलून येशूपुढे खाली सोडलं. तिथे लिहिलंय की येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाने तोवर तोंडही उघडलेलं नव्हतं. तुमचे चौघे कोण, ते ठरवा. बहीण एक झाली. खुद्द प्रभूनेही पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत तिघा शिष्यांना जवळ घेतलं आणि माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, इथे थांबा, जागे राहा, असं सांगितलं. ज्याने तिथे सोबत मागितली, त्याच्या नावाने चालणाऱ्या मंडळीत तुम्ही सोबत मागायला लाजू नका.

पाळकांशी एकदा बोला. काही मंडळ्यांमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास, उत्तर गोलार्धातल्या सगळ्यात लांब रात्री, शोकात असलेल्यांसाठी एक शांत उपासना ठेवतात. घोषणा नाहीत, जल्लोष नाही. दोन वाचनं, काही मिनिटं स्तब्धता, गेलेल्यांसाठी एकेक मेणबत्ती. तुमच्याकडे नसेल तर पाळकांना सुचवून बघा. पाच जणं आली तरी पुष्कळ झाली. येणाऱ्यांत असं कुणीतरी निघेल की जे तुमच्यासारखंच तीन आठवडे हसून वेळ मारून नेतंय.

घरी मात्र एक बदल लगेच करा. न्हाणीघरात रडणं थांबवा, म्हणजे रडणं नव्हे, न्हाणीघर. मुलांना सांगा, "मला आजीची आठवण येतेय, म्हणून रडू येतं. तुमचं काही चुकलेलं नाही." मुलांना आईचे लाल डोळे दिसतच असतात; कारण कळलं नाही तर ती स्वतःलाच कारण समजतात. आणि वडील? त्यांनीही बायको गमावली आहे. पत्रात त्यांचा उल्लेख फक्त औषधांपुरता आला. २५ तारखेला जेवायला बसताना आईचं नाव मोठ्याने घ्या, तिची एखादी गोष्ट सांगायला त्यांना सांगा. तिचं नाव कुणीच घ्यायचं नाही असा अलिखित नियम घरात असला, तर त्या ताटावर सगळ्यांनाच गुदमरल्यासारखं होतं. बाकी यंदा काय काय टाळता येईल ते बिनधास्त टाळा. ज्या भेटीगाठी नुसत्या रीत म्हणून आहेत त्यांना नाही म्हणा, पण एखाद-दोन माणसांकडे थोडा वेळ तरी जा. दिवसा उजेडात अर्धा तास चाला, इच्छा नसली तरी. अशा दिवसांत आधी पाय हलवावे लागतात, इच्छा मागून येते.

राहिलं ते कडवं. कॉयरप्रमुखांना उद्याच सांगा की मी उभी राहीन, पण माझ्या शेजारच्या एकीला हे कडवं शिकवून ठेवा. त्या रात्री आवाज लागला तर मी गाईन, नाहीतर ती गाईल, किंवा दोघी मिळून गाऊ. कारण विचारलं तर एवढंच सांगा की आईशिवायचा नाताळ जड जातोय. कडेची जागा मागून घ्या, दाराजवळची, म्हणजे बाहेर जावंसं वाटलं तर सगळ्यांना ओलांडून जावं लागणार नाही. मधेच आवाज दाटून आला तर गप्प राहा आणि ऐका. पंधरा वर्षं तुम्ही इतरांचे सूर सांभाळलेत, एक रात्र ते तुमचा सांभाळतील. आणि त्या संध्याकाळी वाटलं की उभंच राहवत नाही, तर शेवटच्या बाकावर बहिणीजवळ बसा. तीही उपासनाच.

डॉक्टरांची वेळ मात्र नाताळच्या आधीची घ्या, नंतरची नको. जानेवारीत मला पत्र लिहा. ते काय म्हणाले ते कळवा, वडिलांनी आईची कोणती गोष्ट सांगितली तीही, आणि ते कडवं शेवटी कुणी गायलं तेही.

तुमची,
ताई